हवामान बदल, अणुऊर्जा आणि मराठवाड्याच्या पाण्याचा हिशेब

प्रस्तावना

हवामान बदलास कारणीभूत ठरणाऱ्या वायूंचे उत्सर्जन रोखावयाचे असेल, तर कोळशावरील वीजनिर्मिती टप्प्याटप्प्याने कमी केली पाहिजे, याविषयी अभ्यासकांत आता फारसे दुमत राहिलेले नाही. मतभेद आहेत ते कोळशाची जागा कोणी घ्यावी याबद्दल. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार एक युनिट वीज निर्माण होताना, खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचे सारे टप्पे धरून, कोळशातून सुमारे ८२० ग्रॅम कर्बवायू बाहेर पडतो. मोठ्या सौर प्रकल्पांसाठी हाच आकडा सुमारे ४८, तर अणुऊर्जेसाठी अवघा १२ ग्रॅम आहे. केवळ उत्सर्जनाच्या कसोटीवर पाहिले, तर अणुऊर्जा आणि सौरऊर्जा दोन्ही कोळशाहून कितीतरी उजव्या ठरतात.

महाराष्ट्रातील चर्चा मात्र बहुधा जैतापूरच्या सुरक्षिततेपाशी सुरू होऊन तेथेच संपते. सुरक्षिततेचा प्रश्न गौण आहे असे नव्हे. तथापि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातून या वादाकडे पाहिले असता त्यात पाण्याचा हिशेबही मांडावा लागतो, आणि तो मांडल्यावर वादाचे स्वरूप बरेच बदलते.

परळीचा अनुभव

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१५ च्या जुलैमध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. माजलगाव धरणातून खडका बंधाऱ्यात पाणी येईनासे झाले आणि संच थांबले. केंद्र बंद असतानाच्या त्याच दुष्काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, वाफेवर जनित्र फिरते आणि ती वाफ पुन्हा थंड करून पाण्यात रूपांतरित केली जाते. या थंड करण्याच्या क्रियेतच बहुतेक पाणी बाष्प होऊन उडून जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी घातलेली मर्यादा प्रतियुनिट साडेतीन लिटर अशी आहे. प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच या मर्यादेत राहून दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर सुमारे ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरले जाणारे माणशी १३५ लिटर हे प्रमाण लावल्यास साडेचार लाखांहून अधिक माणसांची ती रोजची गरज होते. दुष्काळात केंद्र बंद ठेवण्याचा निर्णय म्हणूनच योग्य होता. प्रश्न आहे तो असे केंद्र अशा खोऱ्यात उभारण्याच्या मूळ निर्णयाचा.

अणुभट्टी या अडचणीतून सुटका करीत नाही. तिच्यातही शेवटी वाफच तयार होते, आणि ती कोळशाच्या केंद्रातील वाफेपेक्षा कमी तापमानाची असल्यामुळे प्रतियुनिट थंडाव्याची गरज उलट थोडी जास्तच असते. काली नदीवरील कैगा किंवा गंगेच्या कालव्यावरील नरोरा यांसारखी केंद्रे बारमाही पाण्याच्या आधारावर उभी आहेत. १९६९ साली सुरू झालेले तारापूर समुद्रकाठी आहे आणि जैतापूरही समुद्रकाठीच योजलेले आहे. तात्पर्य, मराठवाड्यात अणुऊर्जा यावयाची ती कोकणातून तारेवरूनच.

जैतापूर : आवाका आणि कालावधी

राजापूर तालुक्यातील माडबनच्या पठारावर प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांची योजना आहे. विरोधकांनीही तिचा आवाका प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. वर्षातील ८० टक्के काळ ती पूर्ण क्षमतेने चालली असे गृहीत धरले, तर वर्षाला सुमारे ६९०० कोटी युनिट वीज मिळेल. एक मेगावॅट सौर प्रकल्पातून वर्षाला साधारण १६ लाख युनिट मिळतात. त्या हिशेबाने १६,००० मेगावॅट सौर क्षमतेतून सुमारे २५६० कोटी युनिट, म्हणजे जैतापूरच्या जेमतेम ३७ टक्के वीज हाती येते. स्थापित क्षमतेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून सौरऊर्जेचा जयघोष करणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब वारंवार निसटते. देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले खरे. पण प्रत्यक्ष निर्मितीत त्या वर्षीही कोळशाचेच वर्चस्व होते.

अणुऊर्जेची खरी दुबळी बाजू कालावधीची आहे. जैतापूरसाठी फ्रेंच कंपनीशी चौकट-करार झाला तो डिसेंबर २०१० मध्ये. पुढच्याच मार्चमध्ये फुकुशिमा घडले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथील आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका मच्छीमार तरुणाचा मृत्यू झाला. फ्रेंच बाजूने बंधनकारक प्रस्ताव दिला तो २०२१ मध्ये, आणि २०२५ संपेपर्यंत एकाही अणुभट्टीचे बांधकाम सुरू झालेले नव्हते. याच बनावटीची फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथील अणुभट्टी २००७ मध्ये बांधावयास घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. चीनमधील ताइशानची पहिली अणुभट्टी त्या मानाने लवकर, म्हणजे नऊ वर्षांत, चालू झाली. अगदी ताइशानचा वेग गृहीत धरला तरी जैतापूरची पहिली वीज येत्या दशकाच्या मध्यापूर्वी येण्याचा संभव दिसत नाही. येत्या दहा वर्षांतील उत्सर्जनघटीसाठी या प्रकल्पावर विसंबणे म्हणूनच व्यवहार्य नव्हे.

दिवसाची वीज, रात्रीची वीज

येत्या दहा वर्षांची गरज भागविण्यासाठी हाताशी आहे ती मुख्यतः सौरऊर्जा. शेतीच्या बाबतीत ती चपखल बसते. कृषिपंपांना रात्री वीज देण्याच्या पद्धतीमुळे शेतकऱ्याला थंडीत, साप-विंचवांच्या भीतीत पाणी द्यावे लागे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवण्यात आले असून तिचा पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव (ता. वैजापूर) येथेच सुरू झाला. सूर्य असतो तेव्हा पंप चालतो. वीज साठविण्याची गरजच उरत नाही. पटले धुण्यापुरते पाणी सोडल्यास तिला पाणीही लागत नाही.

शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्राची स्थिती वेगळी आहे. तेथील कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात आणि शहरातील घरगुती मागणी तर सूर्यास्तानंतरच चढते. ही रात्रीची वीज आज मुख्यत्वे कोळसा पुरवितो. तिची जागा घेण्याचे मार्ग दोन : साठवणूक किंवा अहोरात्र चालणारी अणुभट्टी. साठवणुकीसाठी विद्युतघट आहेत, तसेच दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे उदंचन प्रकल्पही आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे आणि पैठणच्या धरणपायथ्याचे १२ मेगावॅटचे छोटे जलविद्युत केंद्रही याच तत्त्वावर रचलेले आहे. साठवणूक पुरेशी स्वस्त होईल की नाही हे ठरेपर्यंत अणुऊर्जेला दार बंद करणे शहाणपणाचे नाही. मात्र तिच्या नावाखाली साठवणुकीची कामे लांबणीवर टाकणे अधिक घातक ठरेल.

दोन पाणवठे, एकच तक्रार

अणुऊर्जेची किंमत कोकण मोजते आणि सौरऊर्जा कोणाच्याच अंगावर येत नाही, असा समज येथे रूढ आहे. नाथसागराच्या उदाहरणाने तो तपासून पाहता येतो. जायकवाडीच्या जलाशयावर तरंगत्या सौरपटलांचा प्रकल्प योजण्यात आला. जलाशय बशीसारखा उथळ असल्याने बाष्पीभवन मोठे, आणि पटलांखाली झाकलेल्या भागात ते कमी होणार, हा त्यामागचा सबळ युक्तिवाद. परंतु हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि मासेमारीवर जगणारी शेकडो कुटुंबे त्याच्या काठी आहेत. कहार समाजाच्या संघटनेने प्रकल्पाला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ते फेटाळले.

साखरी नाट्याच्या मच्छीमारांची मुख्य धास्ती किरणोत्साराइतकीच गरम पाण्याची होती. ९९०० मेगावॅट वीज निर्माण होताना सुमारे १७ ते १८ हजार मेगावॅट इतकी उष्णता समुद्रात सोडावी लागते, आणि मासळी तापमानाला संवेदनशील असते. पैठणच्या मच्छीमारांची धास्ती जागेची आहे. जायकवाडीच्या २९०९ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी २१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा. उरलेला ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा. दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यात पाणी आक्रसून मधल्या खोल भागात उरते. पटले कायम तरंगती राहावयाची तर तीही त्याच भागात बसवावी लागतील, आणि त्या महिन्यांत मासे, पक्षी व जाळी यांनाही तोच भाग उरतो. पटलांचा नकाशा पूर्ण भरलेल्या जलाशयावर न आखता मृतसाठ्याच्या पाणरेषेवर आखावा, आणि तो निविदेपूर्वी पैठण, गंगापूर व शेवगावच्या काठावरील मच्छीमारांपुढे ठेवावा, ही मागणी अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही रास्त आहे.