पानिपत कीं बक्सार?

इतिहासाचा ओघ कोणत्या लढाईनें फिरला, हें पडलेल्यांच्या संख्येवरून ठरत नाहीं. विजेत्याच्या हातीं काय राहिलें, यावरून ठरतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर महाराष्ट्राची एक पिढी कापली गेली. तथापि विजयी अब्दाली स्वदेशीं परतला, आणि दहाच वर्षांनीं मराठ्यांनीं दिल्ली पुन्हां घेतली. याउलट २२ ऑक्टोबर १७६४ रोजीं बक्सार येथें इंग्रजांनीं मीर कासीम, शुजाउद्दौला व बादशहा शहाआलम यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. त्याचें फळ १७६५ सालीं मिळालें: बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. पुढें त्याच वसुलावर तिच्या पलटणी पोसल्या गेल्या. घरोघर शोक पानिपताचा झाला. राज्य मात्र बक्सारला गेलें.