दाताची कीड आणि तिचा शोध

कीड लागते ती धान्याला, लाकडाला आणि दाताला, असे आपली भाषा मानते. पूर्वी दाढ ठणकू लागली की गावातील एखादा जाणता भुईरिंगणीच्या बियांची धुरी देई आणि पडलेल्या अळ्याही दाखवी! दातात अळी असते ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. प्राचीन बाबिलोनमध्येही ती होती आणि युरोपातही ती दीर्घकाळ टिकली. खरी ‘कीड’ कोणती, हे कळण्याची हकीगत मात्र मोठी वेधक आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडव्यापारी राहत असे. विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिनचा गंध नाही. पण स्वतः घडविलेल्या इवल्याशा भिंगांतून जे दिसेल ते लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवावयाचे, हे त्याचे व्रत. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात तो स्वतःच्याच दातांविषयी लिहितो. रोज सकाळी तो मिठाने दात घाशी, तरी दाढांच्या फटींत कालवलेल्या पिठासारखे पांढरे काही उरेच. ते पावसाच्या पाण्यात मिसळून भिंगाखाली धरले, तो त्यात असंख्य जीव वळवळत होते. जन्मात कधी दात न घासलेल्या एका वृद्धाच्या तोंडात तर त्यांची जत्राच भरली होती.

मग त्याने तीव्र व्हिनेगरने चुळा भरल्या आणि पुन्हा पाहिले. दातांच्या फटींतून काढलेल्या पदार्थात जीव जिवंतच! तोच पदार्थ बाहेर काढून त्यात व्हिनेगर कालवले, तेव्हा मात्र ते तत्काळ मेले. व्हिनेगर त्या थराच्या आतवर पोचतच नाही, हे त्याने अचूक ताडले. प्रयोगशाळा म्हणजे स्वतःचेच तोंड. साहित्य म्हणजे मीठ, व्हिनेगर आणि काचेचा एक मणी. हे जीव दात किडवितात, असे मात्र त्याने कोठे म्हटले नाही.

तो दुवा जुळावयास दोनशे वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने उपटलेले दात पाव आणि लाळ यांच्या मिश्रणात ठेवले. ते मऊ पडले. मांस व लाळ यांत ठेवलेले दात शाबूत राहिले. लाळ उकळून घेतली, तर पावातही दातांना काही झाले नाही. जंतू पिष्ट व साखर यांपासून आम्ल बनवितात आणि ते आम्ल दात झिजविते, हा सिद्धान्त त्याने १८९० च्या आपल्या ग्रंथात मांडला. दोषी जंतू कोणता? कोणी एकटा नव्हे, असे त्याचे मत.

१९२४ मध्ये लंडनच्या किलियन क्लार्क यांना नुकत्याच किडू लागलेल्या दातांत एक जंतू वारंवार आढळला. कधी गोल, कधी लांबट, असे त्याचे रूप पालटे. म्हणून त्यांनी त्याला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ म्हटले. परंतु त्या काळी सर्वांचा रोख दह्यातील जंतूंच्या जातभाईंवर, लॅक्टोबॅसिलसवर होता. क्लार्क यांचा निबंध सुमारे चाळीस वर्षे बाजूस पडून राहिला. उत्तरपत्रिका न तपासताच गठ्ठ्यात बांधून ठेवावी, तसाच हा प्रकार!

१९६० मध्ये अमेरिकेत पॉल कीज यांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. गोड आहार देऊनही काहींचे दात किडेनात. पण किडक्या दातांच्या प्राण्यांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवताच त्यांनाही कीड लागली. म्हणजे हा रोग साथीसारखा पसरू शकतो! कीज आणि रॉबर्ट फिट्झजेरल्ड यांनी त्या प्राण्यांतून वेगळा काढलेला जंतू हा क्लार्क यांच्याच जंतूचा भाऊबंद, हे काही वर्षांतच उमगले. साखरेपासून तो केवळ आम्लच नव्हे, तर चिकट द्रव्यही बनवितो आणि त्याच्या आधाराने दाताला घट्ट बिलगतो.

आज माणसांच्या तोंडात जंतूंचे सुमारे सातशे प्रकार आढळल्याची नोंद आहे. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात आणि कीड ही अनेकांच्या बिघडलेल्या सहवासातून उद्भवते, असे आता मानले जाते. मिलरचा तो तर्क अगदीच वाया गेला नाही. आणि जंतूंचा थर नुसत्या चुळांनी जात नाही, तो घासूनच काढावा लागतो, असे दंतवैद्य आजही आपल्याला बजावतात.