क्रीडापानावर लेखणी कोणाची?

वर्तमानपत्र हातात पडले की तरुण पोरगा ते मागून उघडतो. अग्रलेख तो वाचेल की नाही सांगता येत नाही, पण क्रीडापान वाचल्याशिवाय ठेवत नाही. शूर कोण, कर्तबगार कोण, कोणाचे नाव अभिमानाने घ्यायचे आणि कोणाचे विसरायचे, हे त्याच्या मनावर ठसवण्याचे काम ते पान रोज बिनबोभाट करीत असते. म्हणून क्रीडापान म्हणजे नुसती करमणूक, त्याचा चळवळीशी काय संबंध, असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. मैदानात कोण उतरले हा जेवढा सामाजिक प्रश्न आहे, तेवढाच त्याच्याविषयी कोणी लिहिले हाही सामाजिक प्रश्न आहे.

मराठी क्रीडा पत्रकारितेचा विषय निघाला की पहिले नाव वि. वि. करमरकर यांचे घ्यावे लागते. ६ मार्च २०२३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मूळचे ते नाशिकचे. १९६२ साली 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि करमरकरांनी त्यात क्रीडा विभाग उभा केला. त्यापूर्वी मराठी दैनिकात खेळाची बातमी म्हणजे कोपऱ्यात उरलेल्या जागेचे भरताड असे. करमरकरांनी खेळाला रोजचे हक्काचे पान मिळवून दिले. क्रिकेटचे मराठी समालोचन करणाऱ्यांत पुण्याच्या बाळ ज. पंडित यांच्याप्रमाणे त्यांचेही नाव होते. पण त्यांचे खरे मोठेपण दुसरीकडे आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती या मातीतल्या खेळांना त्यांनी क्रिकेटच्या पंगतीला बसवले. क्रीडा संघटनांच्या खुर्च्या अडवून बसलेल्या पदाधिकाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही.

माणूस कोणत्या जातीत जन्मला यावरून त्याच्या कामाची किंमत ठरवणे ही आपली रीत नव्हे, ती मनूची रीत आहे. तेव्हा करमरकरांचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. गिरणगावातल्या आणि गावकुसाबाहेरच्या ज्या पोरांनी कबड्डीची पाटी गाजवली, त्यांचे नाव पहिल्यांदा मोठ्या दैनिकात छापून येण्याची वाट अशा क्रीडापानाने मोकळी केली. एका माणसाच्या हाती वीस-पंचवीस वर्षे एक पान राहिले तर काय घडू शकते, याचा हा दाखला आहे.

आता पुढचा प्रश्न विचारू. करमरकरांच्या मागून शिरीष कणेकर आले, द्वारकानाथ संझगिरी आले. एकाने क्रिकेटवर खुसखुशीत लिहिले, दुसऱ्याने मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी सांभाळून स्तंभामागून स्तंभ आणि पुस्तकामागून पुस्तक लिहिले. दोघांनाही अमाप वाचक मिळाला. मात्र या साठ वर्षांत बौद्ध, मातंग, चर्मकार, भटक्या-विमुक्त वस्तीतून आलेला आणि घराघरात नाव झालेला एक तरी क्रीडा स्तंभलेखक सांगता येतो का? खेळाडू सांगता येतात. लेखक आठवावा लागतो, आणि आठवूनही सापडत नाही.

पळवणकरांचे काय झाले?

याची किंमत काय मोजावी लागते हे बाळू पळवणकरांच्या चरित्रात दिसते. १८७६ साली धारवाडला जन्मलेला हा चर्मकार समाजातला मुलगा. वडील पलटणीत, वास्तव्य पुण्यात. कॅम्पातल्या पूना क्लबात गोऱ्या साहेबांसाठी खेळपट्टी तयार करायची आणि सरावाला चेंडू टाकायचे, ही त्याची नोकरी. पगार महिना चार रुपये. तासन्‌तास गोलंदाजी केली, पण बॅट हाती दिली गेली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला संघात घेतले, कारण साहेबांना हरवायचे होते. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि त्याचा चहा फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात!

१९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षे नाकारण्यात आले. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. अखेर १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. मैदानावरचा हा सत्याग्रह महाडच्या चवदार तळ्याच्या आधी चार वर्षे फळाला आला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

विठ्ठल पळवणकरांनी स्वतः मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आमचा माणूस लिहीत नाही हा आरोप खोटा आहे. त्याने लिहिले. पण त्याचे लिहिलेले पुढच्या पिढीपर्यंत नेणारा क्रीडा स्तंभ आमच्या हाती नव्हता. परिणामी जगाला पळवणकर पुन्हा ठाऊक झाले ते २००२ साली, रामचंद्र गुहा या इतिहासकाराच्या इंग्रजी पुस्तकामुळे. मराठी मातीतला माणूस इंग्रजीतून मराठीत परत आला!

वृत्तपत्राचे बंद दरवाजे

असे का व्हावे? उत्तर वृत्तपत्राच्या कचेरीत आहे. १९९६ साली पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधायला घेतला आणि त्यांना अधिस्वीकृतीधारकांत एकही सापडला नाही. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यात दलित, आदिवासी शून्य. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या अहवालात १२१ निर्णायक पदांपैकी १०६ सवर्णांकडे आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही, असे आढळले. तेवीस वर्षांत शून्याचा शून्यच राहिला.

क्रीडा विभागाची वाट तर आणखी अरुंद. स्तंभलेखक एका रात्रीत होत नाही. आधी फुकट किंवा नाममात्र मानधनावर बातम्या द्याव्या लागतात. मग वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुराचे भाषांतर करीत रात्रपाळ्या काढाव्या लागतात. दौऱ्यावर जायला पदरचा पैसा लागतो आणि क्लबांत, संघटनांत ओळखी लागतात. ज्याच्या घरात आजची भाकरी आजच्या मजुरीवर आहे, त्याने ही पाच-सात वर्षांची उमेदवारी कशी करावी? गुणवत्ता कमी पडते म्हणून नव्हे, दम धरायला घरात दाणा नसतो म्हणून आमची पोरे या वाटेवरून माघारी फिरतात.

लिहिणारा एकाच थरातला असला की दिसणेही एकाच थरातले राहते. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर जातीवाचक शिवीगाळ झाली. त्याच वंदनाने चारच दिवसांपूर्वी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. शिवीगाळीची घटना ही पोलिसांची बातमी आणि तिचे गोल ही खेळाची बातमी, अशी वाटणी करून मोकळे होता येत नाही. देश म्हणून खेळायचे आणि हरल्यावर जात म्हणून शिव्या खायच्या, या दोन्हींना जोडणारे वाक्य क्रीडा स्तंभातच लिहिले गेले पाहिजे.

आपलाही हिशेब

केवळ प्रस्थापितांना दोष देऊन भागणार नाही. बाळू पळवणकर आपल्याही विस्मरणात गेले, त्याला राजकीय कारण आहे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते बाबासाहेबांचे मन वळवू पाहणाऱ्यांत होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते पडले. ते राजकारण चुकीचे होते, असे आपण ठामपणे म्हणू. पण म्हणून त्यांनी पॅव्हेलियनच्या बाहेर प्यालेला चहा खोटा ठरतो का? काँग्रेसने त्यांना वापरले आणि आपण त्यांना टाकून दिले, तर त्या माणसाचा वाली कोण? मतभेदाची नोंद ठेवून माणूस आपला म्हणण्याची ताकद आंबेडकरी चळवळीत असली पाहिजे.

आपल्या दैनिकांकडेही पाहा. परिषदा, मोर्चे, जयंत्या यांना पाने आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण खेळाला किती जागा? बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची पैसे देऊन दिलेली जाहिरातही 'केसरी'ने छापली नव्हती. त्यातून त्यांनी धडा घेतला तो हाच, की आपले पत्र आपण काढावे. १९२० सालचा तो धडा क्रीडापानाला लागू होत नाही काय?

आमच्या मांजरीचेच घ्या. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव. इथे उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, द्राक्षावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. शेतांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या आणि मोकळी पटांगणे आकसत चालली. ज्या कॅम्पात बाळू पळवणकर खेळपट्टीवर रोलर ओढत होते, तो इथून सोलापूर रस्त्याने हडपसरपलीकडे आहे. इथल्या वस्तीतली पोरे-पोरी आजही कबड्डी खेळतात, धावतात, टेनिस बॉलवर रात्री जागवतात. उसाच्या कांडीची नोंद ठेवणारे शास्त्रज्ञ गावात आहेत, पण या पोरांच्या घामाची नोंद ठेवणारा वार्ताहर नाही. उद्या त्यांचे मैदान गेले, निवड समितीने नाव कापले, तर ते जगाला सांगणार कोण?

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. भीमजयंतीच्या वर्गणीतून एक वाटा क्रीडा स्पर्धेला आणि त्या स्पर्धेचा वृत्तांत लिहिणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला द्या. त्यांच्या प्रवासाचा, वहीचा, मोबाइलच्या रिचार्जचा खर्च वस्तीने उचलावा. आपल्या संपादकांनी आठवड्याला अर्धे पान त्यांच्या स्वाधीन करावे. पहिली वर्षे लेखन कच्चे असेल, असू द्या. करमरकरांना पान मिळाले तेव्हाच करमरकर घडले. पान न देता लेखक मागणे म्हणजे बॅट हाती न देता धावा मागणे होय.

बाबासाहेबांनी सांगितलेले 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे मैदानालाही लागू आहे. खेळणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. आता लिहिणारे तयार करू या.

जयभीम!