शब्द आधी की आवाज आधी?

विषय निवडताना आपण बहुतेक जण एक चूक करतो. मीही केली. आधी एखादा भारदस्त शब्द आवडतो, मग त्यात बसणारा माणूस शोधत फिरायचं. माझा शब्द होता 'कलोरातुरा'.

ऑपेरात स्त्रियांच्या सगळ्यात उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात. त्यातही एकाच अक्षरावर भरभर सुरांच्या लडी उलगडणारी, वरच्या टोकाला सहज पोचणारी गायिका म्हणजे कलोरातुरा सोप्रानो. मोझार्टच्या १७९१ च्या 'मॅजिक फ्लूट'मधली रात्रीची राणी हे नेहमीचं उदाहरण. आपल्याकडची आकाराची तान आठवा, अंदाज येईल. फरक एवढाच की तान गायक तिथल्या तिथे रचतो, इथे बहुतेक सूर संगीतकाराने आधी लिहून ठेवलेले असतात. (अठराव्या शतकातले गायक पदरच्या हरकती घालायचे, पण त्यांचं रेकॉर्डिंग आपल्याला कुठून मिळणार!)

आता यवतमाळात बसून ऑपेरा प्रत्यक्ष कुठे ऐकणार? माझा सगळा पुरावा म्हणजे रेकॉर्डिंग. आपल्या जवळची गायिका शोधताना सापडल्या पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म मुंबईचा, १९६० चा, कुटुंब गोव्याचं. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिक्षण झालं आणि पुढची कारकीर्दही तिकडेच घडली. २००१ मध्ये ब्रिटनचा ओबीई किताब मिळाला. मी आनंदाने सिनॉप्सिसमध्ये लिहून टाकलं: 'भारतीय कलोरातुरा सोप्रानो'. गाइडनी पेन्सिलने त्या मधल्या शब्दाभोवती गोल काढला आणि विचारलं, "हे तू ऐकलंस की वाचलंस?"

खरं सांगायचं तर दोन्ही नाही, गृहीत धरलं होतं.

मग ऐकायला बसलो. रोझारिओंच्या आवाजात उंची आहे, चपळपणाही आहे. पण त्यांचं नाव ज्या कामाशी सर्वांत घट्ट जोडलंय, ते वेगळंच आहे. इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) यांनी त्यांच्या आवाजासाठी तीसहून जास्त रचना लिहिल्या. 'मेरी ऑफ इजिप्त' हा ऑपेरा १९९२ मध्ये ऑल्डबरा महोत्सवात पहिल्यांदा झाला, त्यात मेरी त्याच होत्या. १९९३ ची 'अख्मातोवा साँग्ज' फक्त सोप्रानो आणि चेलोसाठी आहेत. १९९७ चं 'इटर्निटीज सनराइज' जुन्या पद्धतीच्या वाद्यांच्या साथीने आहे. टॅव्हनर ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेतले, त्यामुळे त्यांच्या संगीतात खाली एक सूर धरून ठेवलेला पुष्कळदा ऐकू येतो. आपल्या कानाला लगेच तानपुरा आठवतो, पण ते आपल्या कानाचं झालं, तेवढ्यावर 'भारतीय प्रभाव' असं लिहू नका. त्या धरलेल्या सुराच्या वर आवाज खूप उंचावर, खूप वेळ, सावकाश वळणं घेत राहतो. अलंकार आहेत, पण घाई नाही. रात्रीच्या राणीचा चमचमाट इथे शोधणं म्हणजे अभंगात लावणीची फेक शोधण्यासारखं.

मग यांना कलोरातुरा म्हणायचं की नाही? माझ्या मते प्रश्नच चुकीचा होता. आवाजाचे हे प्रकार ऑपेरा कंपन्यांना भूमिका वाटायला सोयीचे आहेत. एखाद्या गायिकेसाठीच संगीत लिहिलं जातं, तेव्हा भूमिका आवाजामागून येते, आणि तो कप्पा अपुरा पडतो.

रेकॉर्डिंगबद्दलही एक धडा मिळाला. टॅव्हनर यांचं 'द व्हेल ऑफ द टेंपल' २००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झालं तेव्हा रात्रभर, सुमारे सात तास चाललं. रोझारिओ त्यात गायल्या. बाजारात आलेली आवृत्ती दोन सीडींची, म्हणजे जेमतेम अडीच तास. आता 'त्यांचा आवाज शेवटपर्यंत ताजा राहतो' असं मी सीडी ऐकून लिहिलं, तर ते नेमकं कशाबद्दल? चौथ्या-पाचव्या तासाला गळ्याचं काय होतं, ते या सीडीवरून कळणारच नाही. म्हणून माझ्या वहीत आता प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे तीन रकाने आहेत: मूळ लांबी, छापील लांबी, आणि ते प्रत्यक्ष कार्यक्रमातलं की स्टुडिओतलं.

सिनॉप्सिसचं शीर्षक बदललं. 'कलोरातुरा' गेलं, त्या जागी आलं 'एका गायिकेसाठी लिहिलेलं संगीत'. गाइडनी यावेळी गोल काढला तो 'एका' या शब्दाभोवती. टॅव्हनर यांनी इतर सोप्रानोंसाठी काय लिहिलं, ते सध्या ऐकतोय.