दगडाचं तोंड, पाण्याची वाट

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या मागे अडगळीचा एक कोपरा ठरलेला असतो. फुटक्या कुंड्या, बांधकामातून उरलेल्या विटा, गंजलेली टाकी आणि या सगळ्यावर माजलेली घाणेरी. आमच्या घरामागेही असा कोपरा होता. घाणेरी मुळासकट काढून राडारोडा उचलल्यावर दिसलं, की जमिनीला कुंपणाकडून घराकडे चांगला उतार आहे, सकाळचं पाच-सहा तास ऊन पडतं आणि आंब्याचं झाड पुरेसं दूर आहे. तळ्याला आणि लहानशा धबधब्याला एवढं पुरतं. कुमुदिनीला ऊन हवं असतं, पाण्याला उतार हवा असतो, आणि झाड अगदी डोक्यावर असलं तर गळलेली पानं तळाशी कुजत राहतात.

तळं ‘नैसर्गिक दिसायला’ हवं, असं बहुतेक जण म्हणतात आणि मग काठावर एकसारख्या गोट्यांची रांग लावतात. निसर्गात अशी रांग कुठेच नसते. ओढ्यातला प्रत्येक दगड जिथे आहे तिथे काही कारणाने आहे. मोठा धोंडा पुराला हलला नाही म्हणून राहिला, लहान दगड त्याच्या आडोशाला अडकले, वाळू पाणी संथ झालं तिथे बसली. ही कारणं सांभाळली की दिसणं आपोआप येतं, हे या कामातून मला पक्कं कळलं.

सह्याद्री त्यासाठी उत्तम शाळा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून हा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर झाला. कठीण काळ्या पाषाणाच्या थराखाली मऊ थर असतो. पाणी मऊ थर आधी झिजवतं, वरची कठीण कड पुढे आलेली राहते आणि तिच्यावरून धार सुटते. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले, की पाणी आणि त्यात गरगरणारे दगडगोटे मिळून या कठीण पाषाणाचं काय करतात तेही कळतं. मागच्या कोपऱ्यात करायचा धबधबा ९० सेंटिमीटरचाच होता, पण त्याची बांधणी याच नियमाने करायची होती.

खोदाईआधी जमिनीवर दोरी टाकून फक्कीने आकार आखला. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर, मधली खोली ७५ सेंटिमीटर. हात-दीड हात खणल्यावर मुरूम लागला आणि टिकावाची जागा पहारीने घेतली. काठालगत वीतभर खोलीची पायरी ठेवली, उथळ पाण्यातल्या वनस्पतींसाठी. एका बाजूला बारीक खडीचा सौम्य उतार ठेवला, म्हणजे बेडकाला बाहेर पडता येतं आणि पक्ष्याला पाय टेकून अंघोळ करता येते. खडे उतार असलेल्या तळ्यात पडलेला लहान जीव बुडूनच मरतो. घरात रांगतं मूल असेल तर मात्र पाण्याखाली दोन-तीन बोटांवर मजबूत जाळी बसवल्याशिवाय हे काम करू नये.

सगळ्यात काटेकोर काम काठाच्या पातळीचं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरतात, तीच पद्धत इथे वापरली. एक काठ दोन सेंटिमीटर जरी खाली राहिला, तरी पाणी तिथून वाहून जातं आणि समोरच्या काठावर अस्तर उघडं पडतं. मग कितीही सुंदर दगड लावा, नजर त्या काळ्या पट्टीवरच जाते.

अस्तर म्हणून शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घेतला. शेतकरी त्याला कागदच म्हणतात, असतं ते जाड प्लॅस्टिक. त्याचं माप काढायला सोपा हिशेब आहे: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि दोन्ही टोकांना एकेक फूट जास्त धरायचं. आमच्या तळ्याला सव्वासहा बाय सव्वापाच मीटरचा तुकडा पुरला. त्याखाली चाळलेल्या वाळूचा थर आणि जाड जिओटेक्स्टाइल अंथरलं, कारण मुरमाची धार कागद फाडते. धबधब्याचं अस्तर वेगळं असतं आणि ते तळ्याच्या अस्तरावर कौलासारखं चढवायचं असतं, वरचं खालच्यावर. म्हणजे दगडांमागे झिरपलेलं पाणीही तळ्यातच येतं.

दगड नदीपात्रातून आणायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. तिथले दगड उचलले की त्यांच्याखाली राहणाऱ्या जिवांचं घर जातं, आणि परवानगीशिवाय तो उपसा बेकायदाही आहे. आम्हाला पाडलेल्या एका जुन्या घराच्या जोत्याचे काळे दगड मिळाले आणि विहिरीच्या खोदाईतले काही मोठे धोंडे. ते बसवायला आलेले पाथरवट मामा प्रत्येक दगडाभोवती आधी एक फेरी मारायचे.

“ताई, घाई करू नका,” ते म्हणाले. “आधी त्याचं तोंड बघायचं. तोंड पाण्याकडं, आणि तिसरा हिस्सा जमिनीत. नुसता वर ठेवलेला दगड लगेच ओळखू येतो.”

खरंच, जमिनीत रुतलेला दगड तिथे पहिल्यापासून असल्यासारखा वाटतो. मामांनी सगळ्या थरांचा कल एकाच दिशेला ठेवला, कारण खऱ्या कड्यात थर एकाच दिशेला कललेले असतात. जोत्याच्या घडीव कडा त्यांनी मातीकडे वळवल्या आणि वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेली, दगडफुलाचे डाग पडलेली बाजू दर्शनी ठेवली.

धबधब्याची कड म्हणून एक चपटा दगड चार बोटं पुढे काढून बसवला. त्याच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारली, म्हणजे पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे न जाता तिथेच तुटतं. पाण्याचं प्रमाण कडेच्या रुंदीवरून ठरतं. दर सेंटिमीटरला तासाला सुमारे १५० लिटर पाणी मिळालं तर पातळ पण सलग पडदा पडतो. आमची कड ३० सेंटिमीटरची, म्हणजे तासाला साडेचार हजार लिटर. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवताना तो घटतो, म्हणून जास्त क्षमतेचा पंप घ्यावा लागतो. ७० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर पावणेदोन युनिटांच्या आत वीज लागते. जोडणीला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. पाण्याशेजारच्या विजेत तडजोड नको.

आवाजही घडवावा लागतो. पडत्या पाण्याचा आवाज मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा जितका लहान, तितका सूर बारीक. खोल पाण्यात पडणारी धार खर्जात बोलते, ओल्या दगडावर फुटणारी धार बारीक आवाजात. म्हणून धारेखाली एक दगड पुढेमागे सरकवत दोन्ही आवाज मिळेपर्यंत थांबलो.

पाणी भरल्यावर काही दिवसांत ते हिरवं होतं आणि घाबरून लोक ते उपसून टाकतात. उपसू नये. हिरवेपणा सूक्ष्म शेवाळाचा असतो. कुमुदिनीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं, काठावर वेखंड आणि जलब्राह्मी रुजली, की शेवाळाचं ऊन आणि खत दोन्ही तुटतं. धबधब्याच्या माथ्यावर एक टाकी बसवून तिच्यात आम्ही विटांचे तुकडे भरले. त्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग वनस्पतींना चालणाऱ्या नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांना स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे मोजकेच सोडायचे. जलपर्णी मात्र कितीही फुलली तरी आणू नये. ती बागेतून ओढ्यात गेली की आवरत नाही.

शेजाऱ्यांची पहिली शंका डेंग्यूची असते आणि ती रास्त आहे. एडिस डास साचलेल्या, बहुधा भांड्याकुंड्यांतल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतो. आमच्या कोपऱ्यातल्या फुटक्या कुंड्या हे त्याचं खरं घर होतं. हलतं पाणी, गप्पी मासे आणि चतुरांच्या अळ्या असल्या की डासांच्या अळ्या टिकत नाहीत. गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे, त्यामुळे जादा झालेले मासे नदी-ओढ्यात सोडायचे नाहीत. चतुर, टाचण्या, बेडूक यांना कुणी आणावं लागलं नाही. दयाळ आणि बुलबुल उथळ खडीवर अंघोळीला येऊ लागले.

एक हिशेब प्रामाणिकपणे मांडायलाच हवा. मे महिन्यात एवढ्या तळ्यातून रोज ऐंशी-नव्वद लिटर पाणी उडतं, धबधब्यामुळे थोडं जास्तच. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांच्या शहरात हे पाणी नळातून घेणं मला पटत नाही. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५० चौरस मीटर छपरावरून त्यातलं २५,००० लिटरहून जास्त पाणी सहज धरता येतं, आणि १०,००० लिटरची टाकी उन्हाळ्याचा बहुतेक भार उचलते. म्हणून तळ्याचं माप जागेवरून ठरवू नये, छपराचं जितकं पाणी साठवता येईल त्यावरून ठरवावं. पाणी कमी असेल तर तीन फुटांचं तळं करावं आणि एकाच दगडावरून धार सोडावी. बेडकाला आणि चतुराला तेवढं पुरतं, आणि ज्या पाण्यावर आपला हक्क आहे तेवढंच आपण वापरतो.