पावाऐवजीं काय खावें ?

गेल्या वर्षीं आमच्या वडील बंधूंस मधुमेह असल्याचें निदान झालें. पाव, बिस्किटें, मैदा सोडा आणि ज्वारीची भाकरी खा, असें त्यांस सांगण्यांत आलें. बंधूंनीं पथ्य निष्ठेनें पाळलें. सकाळच्या चहाबरोबरचे दोन पाव गेले, त्यांच्या जागीं भाकरी आली. तीन महिन्यांनीं रक्त तपासलें तों साखर होती तेथेंच ! भाकरी म्हणजे मधुमेह्याचें पथ्य, ही समजूत आपणां सर्वांचीच आहे. पण ती अर्धीच खरी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणें १०० भाग मैद्यांत पिष्ट व शर्करा मिळून सुमारें ७४ भाग असतात, कणकेंत ६९, ज्वारींत ७३, नाचणींत ७२ आणि बाजरींत ६८. २०१७ सालच्या नव्या कोष्टकांत कांहीं आंकडे खालीं आले आहेत, पण धान्यांत पिष्टाचेंच प्राबल्य आहे ही गोष्ट तशीच राहते. ज्वारी कोंड्यासकट दळली जाते म्हणून ती मैद्याहून बरी, यांत संशय नाहीं. तथापि आमच्या घरची एक भाकरी ८० ग्रॅम पिठाची भरली, म्हणजे एका भाकरींत पिष्ट अदमासें ५८ ग्रॅम. बंधूंच्या दोन पावांत मिळून इतकें खचित नव्हतें.

आतां आपल्याच शेतांतील दुसऱ्या जिनसांकडे पाहावें. त्याच जुन्या कोष्टकांत हरभऱ्याच्या डाळींत पिष्ट ६०, जवसांत २९, तिळांत २५, सोयाबीनमध्यें अवघें २१ आणि कारळ्यांत १७ भाग दिलें आहे. सोयाबीनमध्यें प्रथिनें ४३ भाग आहेत. विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकरी हें पीक पोत्यांनीं पिकवितो, तें सर्व आडतींत घालतो, त्याची पेंड कोंबड्या खातात, आणि घरीं येतांना तो बेकरींतून पावाची लादी घेऊन येतो !

मग सोयाबीनचीच भाकरी कां करूं नये ? अडचण थापतांना कळते. ज्वारीची भाकरी हातावर टिकते ती ऊन पाण्यानें पीठांतील पिष्ट चिकट होतें म्हणून. पाव फुगतो तो गव्हांतील ग्लूटेन या चिवट प्रथिनामुळें. पिष्ट काढून घ्यावें तर भाकरीचा बांधाच जातो. ही अडचण जुनी आहे. पॅरिसचा बूशार्दा या वैद्यानें १८४१ च्या सुमारास मधुमेह्यांसाठीं गव्हाच्या पिठांतील पिष्ट धुऊन उरलेल्या ग्लूटेनचा पाव करविला. आपल्या बायका कुरडयांसाठीं गव्हाचा चीक काढतात, त्याच्याच उलट हा प्रकार: आपण चीक ठेवतों आणि चोथा गुरांपुढें टाकतों किंवा त्याच्या भुसवड्या घालतों, बूशार्दाला चीक नको होता.

आम्हीं घरीं दोन उपाय करून पाहिले. पहिला, ज्वारीच्या तीन भागांस सोयाबीनचा एक भाग. हिशेबानें पिष्ट ७३ वरून ६० वर येतें आणि प्रथिनें १० ची १८-१९ होतात. भाकरी जरा ठिसूळ होते, पण थापतां येते. याहून सोयाबीन वाढविल्यास ती काठाला फाटूं लागते. दुसरा उपाय धिरड्याचा. हरभरा डाळीचें व सोयाबीनचें पीठ निम्मेंनिम्म घेऊन त्यांत हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर व मीठ घालावें आणि पातळ भिजवून तव्यावर पसरावें. येथें थापावयाचें नसल्यानें बांध्याचा प्रश्न फारसा उरत नाहीं. या पिठांत पिष्ट सुमारें ४० भाग, म्हणजे ज्वारीच्या निम्म्याहून थोडेंच अधिक. मूठभर भाजलेल्या जवसाचा कूट घातल्यास धिरडें उलटतांना मोडत नाहीं. आमच्या मतें पावाची खरी जागा घेणारा पदार्थ हाच. पोटही लवकर भरतें. पाव चार खाणारा गृहस्थ धिरडीं दोनच खातो.

सोयाबीन मात्र कच्चें दळूं नये. त्यांत प्रथिनाचें पचन अडविणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनेंच निकामी होतें. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनें हें द्रव्य नसलेले वाणही काढले आहेत, पण आपल्या घरांतील बी त्या वाणाचें आहे असें गृहीत धरूं नये. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यांत घालून २५ मिनिटें शिजवावे, गार पाण्यांत चोळून टरफलें काढावीं आणि कडकडीत उन्हांत खडखडीत वाळवावे. गिरणींत नुसतें सोयाबीन दिल्यास तेलामुळें दगड भरतो व गिरणीवाला रागावतो. म्हणून तें ज्वारींत किंवा डाळींत मिसळूनच दळावें. पीठ पंधरा दिवसांपुरतेंच करावें, पुढें तें खवट होतें.

पुढील तपासणींत बंधूंची साखर उतरली. औषधाच्या गोळ्याही चालू होत्या, तेव्हां सारें श्रेय धिरड्यास देणें रास्त नव्हे. जे गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनीं आहारांतील पिष्ट एकाएकीं कमी केल्यास साखर धोकादायक उतरण्याचें भय असतें, तेव्हां आधीं डॉक्टरांस विचारावें. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें तर प्रथिनें वाढविण्यापूर्वीं विचारलेंच पाहिजे.

खाण्यासाठीं चार पायली सोयाबीन मळणीच्या वेळींच वेगळें काढून ठेवावें. पेरणीनंतर उरलेलें, बुरशीनाशक चोळलेलें बियाणें कितीही धुतलें तरी खाण्यांत आणूं नये. त्याची पिशवी धान्याच्या कणगीजवळही ठेवूं नये.