अतिदीप्त नवतारे आणि परतणारे धूमकेतू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘अतिदीप्त नवतारा’ या संज्ञेतील ‘नव’ हा शब्दच पहिल्या गैरसमजाचे मूळ आहे. जिथे पूर्वी डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे ठळक ज्योत उमटली, म्हणून जुन्या निरीक्षकांनी तिला नवा तारा म्हटले. शर्मिष्ठा तारकासमूहात १५७२ साली टायको ब्राहे याने पाहिलेली ज्योत अशीच होती. वस्तुतः ज्याला सुपरनोव्हा असेही म्हणतात तो हा स्फोट जन्म नसून ताऱ्याचा अंत असतो. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यात अखेरीस लोहाचा गाभा तयार होतो, लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नसल्याने तो गाभा स्वतःच्याच भाराखाली सेकंदभरात कोसळतो आणि बाहेरचे थर अवकाशात उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा घट्ट अवशेष, सोबतच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेत सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या चंद्रशेखर मर्यादेजवळ पोहोचतो आणि समूळ उद्ध्वस्त होतो.

असे स्फोट अत्यंत दुर्मीळ असतात, ही समजूत आपल्या आकाशगंगेपुरती खरी आहे, कारण तिच्यातील नुसत्या डोळ्यांनी निःसंशय पाहिलेला शेवटचा स्फोट १६०४ सालचा आहे. मात्र इतर दीर्घिकांतील घटना मोजू लागले की चित्र पालटते. सप्तर्षीतील एम १०१ या दीर्घिकेत १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला जो स्फोट आढळला, त्याचे नाव ‘एसएन २०२३आयएक्सएफ’ असे आहे. वर्षापुढची अक्षरे नोंदीचा क्रम दाखवतात. आधी २६ एकेरी अक्षरे, मग दोन-दोन आणि मग तीन-तीन अक्षरांच्या जोडण्या मोजत गेल्यास ही त्या वर्षातील सहा हजार सातशेच्या पुढची नोंद ठरते. अर्थात या नोंदी सर्व संशयित ज्योतींच्या असतात आणि वर्णपटाने खातरजमा झाल्यावरच त्यांतील एखादीला सुपरनोव्हा म्हटले जाते. तरीही मे महिन्यातच गाठलेला हा आकडा पुरेसा बोलका आहे.

‘नुकताच झालेला स्फोट’ हा शब्दप्रयोगही तितकाच फसवा आहे. एम १०१ सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर मानव नव्हताच; नवे होते ते त्या प्रकाशाचे इथे पोहोचणे. शिवाय शोधाचा क्षण म्हणजे प्रकाश प्रथम पोहोचल्याचा क्षण नव्हे, कारण आधी टिपलेली छायाचित्रे पुन्हा तपासल्यावर तीच ज्योत शोधापूर्वीच्या चित्रांतही सापडली. अशा वेळी पहिल्या काही दिवसांची निरीक्षणे अमोल ठरतात आणि ती मिळवण्यात आयआयटी मुंबई व भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवत असलेल्या, लडाखमधील हानले येथील ७० सेंटीमीटरच्या दुर्बिणीचाही वाटा होता.

धूमकेतूंच्या बाबतीत ‘पुनर्शोध’ या शब्दाने गोंधळ होतो. हरवलेली वस्तू योगायोगाने सापडावी तसा तो नसून, गणिताने सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या सुमारास परतणारा आवर्ती धूमकेतू पुन्हा टिपणे म्हणजे पुनर्शोध. पॉन्स–ब्रूक्स धूमकेतू १८१२, १८८३ आणि १९५४ साली दिसला होता. त्याला जून २०२० मध्ये अ‍ॅरिझोनातील ४.३ मीटरच्या लॉवेल दुर्बिणीने टिपले, तेव्हा तो सूर्यापासून सुमारे १७८ कोटी किलोमीटरवर, शनीच्या कक्षेपलीकडे होता आणि त्याच्या तेजाची प्रत २३ च्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा सुमारे साठ लाख पटींनी मंद होती. एप्रिल २०२४ मध्ये तो सूर्यालगतच्या बिंदूतून, म्हणजे उपसूर्यातून गेला. ‘सैतानी धूमकेतू’ म्हणून गाजलेला हा पिंड पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही सुमारे २३ कोटी किलोमीटर दूर होता, त्यामुळे धडकेच्या भीतीला कोणताही आधार नव्हता.

धूमकेतू घड्याळाच्या काट्यासारखे परततात, असे मानणेही चुकीचे आहे. खगोलशास्त्रज्ञ हॅलीने भाकीत केलेल्या धूमकेतूच्या परतीचा हिशेब क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या फ्रेंच अभ्यासकांनी महिनोन्‌महिने केला आणि गुरू व शनी यांच्या ओढीमुळे त्याला ६१८ दिवसांचा उशीर होईल, हे दाखवून १७५९ च्या एप्रिलचा मध्य सांगितला. ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिट्श या शेतकरी निरीक्षकाला तो २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री दिसला आणि १३ मार्च १७५९ रोजी तो उपसूर्यातून गेला. ७६ वर्षांच्या फेरीत ही साधारण महिन्याभराची चूक हाताने केलेल्या आकडेमोडीचा विजयच मानायला हवी. ग्रहांच्या ओढीखेरीज धूमकेतूच्या बर्फातून सुटणारा वायूही त्याला बारीक धक्के देत राहतो, म्हणून प्रत्येक पुनर्शोधानंतर कक्षेचे गणित पुन्हा सुधारावे लागते.

काही धूमकेतू मात्र परततच नाहीत. साधारण पावणेसात वर्षांनी फेरी पुरी करणारा बीला धूमकेतू १८४६ साली दुभंगलेला दिसला, १८५२ साली त्याचे दोन्ही तुकडे परतले आणि नंतर तो कोणालाच सापडला नाही. २७ नोव्हेंबर १८७२ रोजी पृथ्वी त्याच्या कक्षेजवळून जात असताना त्याच्याच अवशेषांच्या हजारो उल्का आकाशातून बरसल्या.